संकल्प नव्हे, नेम: नववर्षाचे ध्येय ठरवण्याची आणि टिकवण्याची रीत

पूजेच्या आरंभी गुरुजी यजमानाकडून संकल्प करवून घेतात, तेव्हा आधी देशकालाचा उच्चार होतो. संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी आणि वार सांगून झाल्यावर यजमानाचे गोत्र व नाव येते, मग कोणते कर्म कशासाठी करायचे ते येते आणि शेवटी ताम्हनात उदक सोडले जाते. ३१ डिसेंबरच्या रात्री आपण ज्याला संकल्प म्हणतो, त्यात यातले बहुधा काहीच नसते. ‘यंदा तब्येतीकडे लक्ष द्यायचे’, ‘वाचन वाढवायचे’, ‘खर्च आवरायचा’ ही नुसत्या इच्छेची वाक्ये असतात. त्यांत वेळ नसते, जागा नसते, मोजमाप नसते. माझ्या डायरीच्या पहिल्या पानावर कित्येक वर्षे अशी पाच-सहा वाक्ये असत आणि संक्रांत येईपर्यंत ती मला आठवतही नसत. माझ्यात चिकाटी नाही असे मी तेव्हा धरून चालले होते. आज मला वाटते की खोट मुख्यतः त्या वाक्यांतच होती.

म्हणून पहिले काम वाक्य दुरुस्त करण्याचे. एका वेळी एकच नेम घ्यावा, फार तर दोन. चालण्याचे उदाहरण घेऊ. प्रौढ माणसाने आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते; सहा दिवसांत वाटले तर रोजची २५ मिनिटे होतात. आता वाक्य असे लिहावे: ‘सोमवार ते शनिवार, सकाळचा चहा झाला आणि कप विसळून ठेवला की मी बूट घालीन आणि फाटकापासून मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन परत येईन.’ यात घड्याळातली वेळ मुद्दामच घातलेली नाही. गजर बंद करून पुन्हा झोपता येते, पण चहा बहुतेक घरांत चुकत नाही. म्हणून नवा नेम एखाद्या जुन्या, न चुकणाऱ्या सवयीला बांधावा. सुरुवातीचे दोन आठवडे दहाच मिनिटे चालावे. पहिल्याच दिवशी तासभर चालून पोटऱ्या भरून आल्या, तर तिसऱ्या दिवशी बुटांकडे पाहवतही नाही.

दुसरे वाक्य अडचणीचे लिहावे आणि माझ्या मते हेच बहुतेकांचे राहून जाते. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉल्विट्झर यांनी १९९९ साली मांडलेला मुद्दा असा की, ‘अमुक झाले तर मी तमुक करीन’ असे आधीच ठरवलेले असले, तर प्रसंग आल्यावर नव्याने विचार करत बसावे लागत नाही आणि ठरलेले काम पार पडण्याची शक्यता वाढते. पाऊस असेल तर घरातल्या घरात चालेन. पाहुणे असतील तर जेवणानंतर जाईन. गावाला गेले तर निदान दहा मिनिटे फिरून येईन. तुमच्या घरात खरोखर येणाऱ्या तीनच अडचणी आठवून त्यांची उत्तरे लिहावीत. मनात धरून भागत नाही, कागदावर उतरवावीत.

किती दिवसांत अंगवळणी पडेल, हा प्रश्न सगळेच विचारतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना बारा आठवडे रोज एक नवी, साधी गोष्ट करायला सांगितले होते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सवय विनासायास होण्यास साधारण ६६ दिवस लागतील असे दिसले, पण माणसामाणसांत फरक एवढा मोठा होता की अंदाज १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत गेले. त्यामुळे ‘एकवीस दिवसांत सवय लागते’ या ऐकीव हिशेबावर विसंबून बाविसाव्या दिवशी निराश होण्याचे कारण नाही.

मुदतही याच बेताने ठरवावी. ‘वर्षभर’ किंवा ‘आयुष्यभर’ असे म्हणू नये. चातुर्मासाचा नेम धरणाऱ्यांना कार्तिकी एकादशी दिसत असते, म्हणून कांदा-लसूण सोडणेही त्यांना जमते. १ जानेवारीचा नेम पहिल्यांदा गुढीपाडव्यापर्यंत घ्यावा. २०२६ मध्ये पाडवा १९ मार्चला आहे, म्हणजे मधले ७७ दिवस मिळतात आणि ६६वा दिवस ७ मार्चलाच येऊन जातो.

नोंदीसाठी वेगळे ॲप लागत नाही. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर दिनदर्शिका असतेच, आणि तिच्यावर दुधाचा हिशोब मांडण्याची आपली जुनी सवय आहे. त्याच चौकटीच्या कोपऱ्यात, नेम पाळला त्या दिवशी, एक ठिपका द्यावा. घरातल्या सगळ्यांना तो दिसतो, हा त्याचा मोठा गुण आहे. माझ्या घरी ‘आज ठिपका नाही का?’ हा सासूबाईंचा साधा प्रश्न मला अनेकदा दाराबाहेर घेऊन गेला आहे.

दिवस चुकला तर तेथे खाडा मांडावा, जसा दुधाचा मांडतो. दूधवाला एक दिवस आला नाही म्हणून कोणी दूध बंद करत नाही. खाडा लिहितो आणि दुसऱ्या दिवशी पातेले घेऊन दार उघडतो. लॅली यांच्या अभ्यासातही एखादा दिवस हुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नव्हता. चुकलेला दिवस भरून काढण्यासाठी दुप्पट चालू नये, कारण त्याने नेम शिक्षेसारखा वाटू लागतो. मात्र लागोपाठ दोन खाडे पडले, तर तिसऱ्या दिवशी पाचच मिनिटे का होईना, पण बाहेर पडावे. तीन-चार खाडे एकाच वाराला पडलेले दिसले, तर त्या वाराची वेळच बदलावी.

पैशाच्या ध्येयाला एवढे सोसावे लागत नाही. पगार जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी आरडीचा हप्ता आपोआप वळता होईल, अशी सूचना बँकेला एकदाच देऊन ठेवावी. पोस्टाची पाच वर्षांची आरडी दरमहा १०० रुपयांपासून सुरू करता येते. महिनाअखेर उरेल ते टाकू, असे ठरवले तर बहुधा काहीच उरत नाही.

दर महिन्याचे पान उलटण्यापूर्वी ठिपके मोजावेत आणि पाडव्याला, व्रताचे करतात तसे, पहिल्या टप्प्याचे उद्यापन करावे. नेम पुढे चालवायचा, वाढवायचा की सोडून दुसरा घ्यायचा, ते त्या दिवशी ठरवावे आणि जे ठरेल त्याचे वाक्य पुन्हा वार, जागा आणि मिनिटांसह लिहून नव्या पानाशेजारी चिकटवावे.