डान्स गेमच्या गाण्यांचा पॅक बनवताय? आधी या चुका टाळा

डान्स डान्स रिव्होल्यूशन, म्हणजे गाण्याच्या तालावर बाणांवर पाय टाकत खेळायचा गेम, १९९८ ला आर्केडमध्ये आला. ती जुनी मशीन्स आता मिळणं मुश्किल, आणि त्यातल्या स्टेप्स आज घरी खेळता येतात त्या फॅन्सनी स्टेपमेनियासाठी (तसाच गेम कॉम्प्युटरवर खेळायचा फुकट प्रोग्राम) बनवलेल्या पॅक्समुळे, म्हणजे गाणी आणि त्यांच्या स्टेप्सच्या संचांमुळे. म्हणून घाई नको, चुकीची कॉपी एकदा पसरली की तीच फिरत राहते.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे आपल्या टीव्हीचा लॅग (चित्र-आवाज उशिरा येणं) गाण्याच्या ऑफसेटमध्ये, म्हणजे ऑडिओ आणि स्टेप्स किती मागेपुढे जुळवायच्या त्या आकड्यात, घुसवणं. टायमिंग हुकतंय असं वाटलं की लोक एकेका गाण्याचा ऑफसेट बदलून सेव्ह करतात, मग त्यांच्याकडे झकास चालतं आणि बाकी सगळ्यांकडे बोंब. सगळीच गाणी सारखीच मागेपुढे वाटतायत का ते आधी बघा, तसं असेल तर दोष तुमच्या सेटअपचा, प्रोग्रामच्या सेटिंगमधला सगळ्या गाण्यांना लागू होणारा ग्लोबल ऑफसेट बदला आणि फाइलला हात लावू नका. एकच गाणं हुकत असेल तरच त्याचा ऑफसेट तपासा. त्यातही इन द ग्रूव्ह या दुसऱ्या डान्स गेमच्या हिशोबाने सिंक केलेल्या फाइल्स मुळातच ९ मिलिसेकंद सरकलेल्या असतात, तेव्हा दोन पॅक एकत्र करताना कुठला कशाच्या हिशोबाने बनलाय ते लिहून ठेवाच.

दुसरी चूक मी स्वतः केलीये. जागा वाचवायला अख्ख्या पॅकचा ऑडिओ परत एमपीथ्रीत कन्व्हर्ट केला, आणि एन्कोडरने प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला किंचित शांतता जोडली. नुसतं ऐकून काही कळत नाही, पण मार्व्हलस या सगळ्यात वरच्या शेऱ्यासाठी स्टेपमेनियात बीटच्या आगेमागे जेमतेम २२-२३ मिलिसेकंद मिळतात, त्यामुळे पाठ असलेल्या गाण्यातही त्याच्या खालचे परफेक्टच पडत होते. मूळ ऑडिओ ठेवला नव्हता, सगळं परत शोधावं लागलं. मूळ फाइल कधीच डिलीट करू नका.

गाणी दिसतच नाहीत? बहुतेक वेळा झिप उघडताना त्याच नावाचा फोल्डर आत अजून एकदा तयार झालेला असतो. सॉंग्ज (Songs) फोल्डर, त्यात पॅक, त्यात गाणं, एवढंच हवं. बदल करूनही जुनंच दिसत असेल तर कॅशे फोल्डर (प्रोग्रामने साठवलेली तात्पुरती माहिती) उडवा, तो परत बनतो.

विंडोजवर चालणारा बॅनर (गाण्याच्या नावाचं चित्र) लिनक्सवर गायब झाला तर फाइलच्या नावातली कॅपिटल-स्मॉल अक्षरं जुळतायत का ते बघा. आणि गाण्याच्या स्टेप्सची .ssc (एसएससी) फाइल फालतू समजून काढू नका, प्रत्येक चार्टचं (एकेका लेव्हलच्या स्टेप्सचं) वेगळं टायमिंग तिच्यातच राहतं, जुन्या .sm (एसएम) फाइलमध्ये ते मावत नाही.