ट्रेकची सॅक कशी भरायची आणि साफ कशी ठेवायची (साताऱ्याकडच्या डोंगरांसाठी)

पाऊस तोंडावर आला की कुणीतरी विचारतंच, सॅक कुठली घेऊ, किती लिटरची घेऊ. कंपनीपेक्षा साइज बघा. अजिंक्यतारा, सज्जनगड, चंदन-वंदन असं सकाळी जाऊन संध्याकाळी घरी यायचं असेल तर २५-३० लिटर भरपूर झाली, मुक्काम असेल तर ४५-५०. त्याच्यावर जाऊ नका कारण मोठी घेतली की ती भरतेच आणि मग चढावर जीव निघतो. भरलेली सॅक आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जड नको, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२ किलो आणि ते पण पाणी धरून. घरी वजनकाटा असेल तर आधी नुसतं उभं राहा मग सॅक घेऊन उभं राहा, लगेच कळतं.

आता पावसाचं. रेनकव्हर घेतलं म्हणजे सामान कोरडं राहणार असं सगळ्यांना वाटतं, पण पाठीकडची बाजू उघडीच असते ना, मानेवरून आलेलं पाणी आणि घाम सगळं तिथूनच आत झिरपतं, त्यात कास-महाबळेश्वरकडचा पाऊस वाऱ्यानं आडवाच येतो. म्हणून आतून पिशवी लावायची. बाजारात महागातले लायनर मिळतात पण मी गेली कितीतरी वर्षं साखरेच्या ५० किलोच्या पोत्याच्या आत जी जाड पारदर्शक पिशवी असते तीच वापरतो, ओळखीच्या किराणा दुकानदाराला सांगून ठेवा तो देतो. धुवून वाळवून सॅकमध्ये उभी घालायची, कपडे-स्लीपिंग बॅग त्यात, मग वरून दाबून हवा काढायची, तोंड पिळायचं, दुमडायचं आणि रबर लावायचं. खताच्या पोत्यातली पिशवी मात्र घेऊ नका, कितीही धुतली तरी वास जात नाही. रेनकव्हरचा उपयोग चिखल अडवायला, ते पण घालाच, फक्त मधेमधे त्याच्या बुडाला हात लावून बघा, तिथं पाणी साठतं आणि सॅक त्यात बसलेली असते.

सॅक घाण होते त्याला बाहेरच्या चिखलापेक्षा आतलं खाणं जास्त कारण आहे. आपल्याकडं ट्रेकला काय जातं, चपात्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, भडंग, सगळ्यात तेल. भडंगाची पिशवी जड सामानाखाली दाबली की कोपऱ्यातनं फुटते आणि ते हळदीचं तेल कापडाच्या विणीत जाऊन बसतं. खाणं स्टीलच्या फिरकीच्या डब्यात, आणि तो डबा आदल्या रात्री पाणी भरून कागदावर पालथा ठेवून बघा, सकाळी कागद ओला झाला तर तो डबा घरीच ठेवा. तरी डाग पडलाच तर साबणाचा हात फिरवून सकाळच्या कोवळ्या उन्हात तासभर ठेवा, हळद उन्हानं फिकी पडते. पण दिवसभर उन्हात टाकू नका, नायलॉन उन्हानं कमजोर होतं. आणि गडावरच्या देवळात मुक्काम केला तर रात्री खाणं सॅकमधून काढून दोरीला टांगायचं, उंदीर चेन उघडत बसत नाही, तो सरळ कापड कुरतडतो.

अजून एक रिकामी पिशवी वेगळी ठेवा, ओले मोजे, कचरा, चिखलाची पँट असलं सगळं त्यात, आणि ती सॅकमध्ये सगळ्यात वर किंवा बाहेरून बांधायची. वासोटा किल्ल्याला तर प्लॅस्टिक तपासतात, कोयनेचं अभयारण्य आहे ते, नेलेलं सगळं परत आणायचंच. बामणोलीवरून बोटीतनं धरणाच्या पाण्यापलीकडं उतरलं की पालापाचोळ्यावर सॅक टाकायची नाही, पावसाळ्याच्या शेवटी शेवटी जळवा असतात आणि त्या पट्ट्यांच्या स्पंजखाली जाऊन बसतात. दगडावर ठेवा, उचलताना पट्टे झटका. दिवाळीनंतर जळवा नसतात पण कुसळं असतात, जाळीच्या खिशात अडकलेली कुसळं हातानं ओढली तर अर्धी आत राहतात, साध्या बारीक कंगव्यानं विंचरून काढली की निघतात.

तांबड्या मातीबद्दल सांगायचं राहिलं. जांभ्याचा प्रदेश आपला, लोह असतं मातीत, म्हणून तो रंग चिकटतो. ओला असताना पुसायला गेलात की अजून आत जातो, पूर्ण वाळू द्या, मग कोरड्या ब्रशनं झाडा, बराचसा पावडर होऊन पडतो. माझी पहिली सॅक कमळगडाच्या गेरूच्या विहिरीत भिंतीला घासली होती, एका बाजूनं लालेलाल. घरी आल्या आल्या मी वॉशिंग मशीनमध्ये टाकली, डिटर्जंट घालून. गेरू तसाच राहिला आणि आतलं कोटिंग मात्र पापुद्र्यासारखं सुटून आलं, बरेच दिवस कपड्यांना पांढरे तुकडे चिकटायचे, पाणी तर नंतर आरपार यायला लागलं. फार जीव होता त्या सॅकवर.

म्हणून सांगतो, मशीन नाही, पावडर नाही, ब्लीच नाही. सगळे खिसे रिकामे करून उलटी करून झटकायची, टबात कोमट पाणी, त्यात अंघोळीचा साबण किंवा थोडा शाम्पू, आतली बाजू फडक्यानं हलक्या हातानं, घासायचं ते पट्टे आणि पाठीचा भाग, घामाचं मीठ तिथंच साठतं आणि वास पण तिथूनच येतो. दोन-तीन पाण्यानं फेस जाईपर्यंत धुवा. मग चेनी उघड्या, सॅक उलटी, सावलीत वाऱ्याला टांगायची. वरून कोरडी लागली तरी स्पंज आत ओला असतो, पावसाळ्यात दोन-तीन दिवस पण लागतात, बोटानं दाबून बघा. दर ट्रेकनंतर धुवायची गरज नाही, नुसती ओल्या फडक्यानं पुसून वाळवली तरी चालतं, पण वाळवणं चुकवू नका.

चेनीत माती अडकली की जुन्या टूथब्रशनं दात साफ करायचे आणि मेणबत्ती दोन्ही बाजूनं घासायची, तेल लावू नका त्याला धूळ बसते. ठेवताना माळ्यावर कोंबायची नाही आणि प्लॅस्टिकमध्ये पण बांधायची नाही, खुंटीला अडकवा, आत रद्दी भरा, वरचं तोंड उघडं.