खडू हातात असताना परमार्थ कसा करावा

आसपासच्या शाळांचं मिळून एक केंद्र असतं; त्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत, आम्हा शिक्षकांच्या चहाच्या वेळी, हा विषय हमखास निघतो. कुणाचं पारायण राहिलेलं असतं, कुणाची वारी. सकाळी घरचा डबा, मग गाडीवरून शाळा, परिपाठ, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, वर बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं काम. मग परमार्थ जातो निवृत्तीनंतरच्या खात्यावर. मी बीड जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथी एकत्र सांभाळते, आणि मला हा हिशोब पटत नाही. दिवसाचा सगळा जीव जिथे खर्ची पडतो तिथेच साधना जमत नसेल, तर रिटायर झाल्यावर रिकाम्या घरात ती कुठून जमणार? ज्यांना हे पटतंय त्यांच्यासाठी माझी रीत सांगते.

आधी एक कुंपण घालून घ्या. हे सगळं आपल्यासाठी आहे, पोरांना शिकवायसाठी नाही. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्माचं शिक्षण देता येत नाही, घटनेचं २८वं कलम तसं स्पष्ट सांगतं, आणि ते योग्यच आहे. माझ्या वर्गात माळकऱ्यांची पोरं आहेत, मुसलमानांची आहेत, बुद्धवंदना पाठ असणारीही आहेत. शिवाय परिपाठात बोधकथा संपून ‘तात्पर्य’ हा शब्द आला की पोरांचे डोळे मैदानाकडे वळतात, हे कुठल्याही शाळेत बघा. तेव्हा तात्पर्य गिळायचं. गणिताच्या तासाला गणितच शिकवायचं. शिकवताना आपल्या आत काय हलतं, तेवढं बघायचं.

सुरुवात हजेरीपासून करा. आपण मान खाली घालून नावं घेतो आणि ‘हजर मॅडम’ ऐकू आलं की रकाना भरतो. त्याऐवजी नाव घेतलं की मान वर करा आणि चेहरा दिसल्याशिवाय पेन टेकवू नका. आवाज कालच्यापेक्षा बारीक आहे का, डोळे सुजलेत का, केस कुणी विंचरून दिलेत का. दोन मिनिटं जास्त लागतात, लागू द्या. आठवडाभरात एक गोष्ट ध्यानात येईल: काही नावं आपल्या तोंडून लाडानं निघतात आणि काही ढकलल्यासारखी. सगळे सारखेच, असं आपण स्टाफरूममध्ये म्हणतो (आमच्याकडे स्टाफरूम म्हणजे ऑफिसातल्या दोन खुर्च्या), पण जिभेला ते माहीत नसतं. ढकललेली नावं हेरा आणि उद्यापासून तीच सावकाश घ्या. नाव घेणं म्हणजे काय, हे मला कीर्तनापेक्षा हजेरीत जास्त कळलं.

आता प्रश्न विचारण्याबद्दल. इथे जरा थांबते, कारण माझ्या मते सगळ्यात मोठं काम याच जागी होतं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एखादाच सेकंद थांबतात आणि मग दुसऱ्याला उठवतात किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतात, असं त्यांना दिसलं. तीन सेकंद किंवा त्याहून जास्त थांबलं तर मुलांची उत्तरं लांबतात, गप्प बसणारी मुलं बोलायला लागतात, ‘माहीत नाही’ कमी होतं. हे झालं अध्यापनशास्त्र. पण तीन सेकंद थांबून बघा, म्हणजे तो एकच सेकंद का होतो ते कळेल. वर्गातली शांतता आपल्याला सोसत नाही. आपण नसलो तर गाडं अडतं, असं आत कुणीतरी सारखं ओरडत असतं.

मी प्रश्न विचारते आणि मनात पाच वेळा विठ्ठल म्हणते. ओठ हलवत नाही. तुम्हाला नको असेल तर आकडे मोजा, काम तेच होतं.

हे कसं दिसतं ते एका वजाबाकीतून सांगते. फळ्यावर ४०२ वजा १७५. तिसरीतली एक मुलगी खडू घेऊन उभी. दोनातून पाच जात नाहीत, म्हणून ती शेजारी हात पसरायला गेली तर तिथे शून्य. आता? तिनं शून्यावर बोट ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. माझा हात आपोआप डस्टरकडे गेला. विठ्ठल, विठ्ठल. मागून कुणीतरी उत्तर फोडणार होतं, त्याला डोळ्यांनी गप्प केलं. ती एक पाऊल मागे सरकली, सगळा फळा बघितला आणि चारावर काट मारली. वर तीन लिहिले. शून्याचे दहा केले, त्यातला एक दशक दोनाला दिला, दहाचे नऊ केले. मग दोनशे सत्तावीस. माझ्याकडे न बघताच जागेवर जाऊन बसली आणि शेजारणीला म्हणाली, “मपलं आलं!”

‘मपलं’. माझं. खरंच तिचंच होतं ते. या घटकेला स्वतःच्या आत बघायचं असतं. मला आनंद झाला, पण त्याच्या बुडाशी थोडी चुटपूटही होती, कारण तिनं माझ्याकडे बघितलं नव्हतं. ‘मी शिकवलं’ हा दावा किती चिवट असतो ते अशा वेळी उघडं पडतं. कर्तेपण सोडा म्हणून सगळेच सांगतात, पण ते नेमकं कुठं चिकटलेलं आहे हे दिसल्याशिवाय सोडणार काय? वर्ग ते रोज दाखवतो, तेही फुकट.

वह्या तपासण्याचंही असंच करता येतं, फक्त तिथे घाई आडवी येते. ‘एकशे पाच’ अंकात लिहा म्हटलं की दोन-चार पोरं १००५ लिहितात. फुली मारायच्या आधी विचारा, याच्या डोक्यात काय चाललं असेल? शंभर ऐकलं, शंभर लिहिलं. पाच ऐकलं, पाच लिहिलं. चूक आहे, पण वेडेपणा नाही, त्यामागे सरळ विचार आहे. रोज एका वहीतली एकच चूक अशी उलगडून बघा. सगळ्या बघायला जाल तर तिसऱ्या दिवशी सोडून द्याल. पोराच्या चुकीमागचा विचार शोधायची सवय लागली की घरी सासूबाईंच्या बोलण्यामागचाही दिसायला लागतो, हा वरचा फायदा.

राग. त्याचं काय करायचं? शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यातल्या १७व्या कलमानं मारणं आणि मनाला लागेल असा छळ करणं, दोन्ही बंद केलंय. हात आवरला जातो, पण घशाशी आलेल्या शब्दाचं काम आपल्यालाच करावं लागतं. माझा उपाय साधा आहे: पाठ फिरवायची आणि फळ्यावर आजची तारीख अक्षरात लिहायची, वार, महिना, साल, सगळं. अक्षर वळणदार काढायचंच. ते वळण काढेपर्यंत शब्द निम्मा विरतो. मग वळून पोराशी बोलायचं. आपल्याकडे परिपाठात पसायदान म्हणतात, त्यात दुष्ट माणूस जावा असं मागितलेलं नाही, त्याचा वाकडेपणा जावा असं मागितलंय. रोज म्हणतो आपण ते. अकरा वाजता बाकाखाली चिमटे काढणाऱ्या पोरासमोर ते आठवतं का, एवढंच तपासायचं.

पोषण आहाराबद्दल थोडक्यात. पोरांना वाढायच्या आधी शिक्षकानं चव घ्यायची असते, तसा नियमच आहे. पुष्कळ ठिकाणी नुसती रजिस्टरला सही होते. सही नंतर करा, घास आधी घ्या, आणि उभ्या उभ्या नको, बसून. या खिचडीत काही खोट असेल तर ती आधी माझ्या पोटात जाईल, एवढं मनात ठेवून घेतलेला घास मला तरी देवळातल्या प्रसादापेक्षा कमी वाटत नाही.

आणि आमच्या भागातला सगळ्यात अवघड धडा. दसरा-दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेले असतात, नवरा-बायकोचा ‘कोयता’, म्हणजे ऊस तोडणारी जोडी, ठरलेला असतो, आणि गाडीत भांड्यांबरोबर पोरंही चढतात. काही हंगामी वसतिगृहात राहतात, काही आजीपाशी. बाकीची थेट कारखान्यावर. जी मुलगी आता हातच्याची वजाबाकी शिकली, तीच जाते. गुढीपाडव्याच्या आगेमागे परत येते तेव्हा निम्मं विसरलेली असते.

अनासक्ती याला म्हणतात, असं सांगणारे भेटतील. ऐकू नका. ती जायला नको होती, आणि तिला थांबवण्यासाठी जे करता येईल ते आधी करायचं: आईबापाशी बोलायचं, वसतिगृहाचं बघायचं, जिथे चाललेत तिथल्या शाळेत तिला बसता येईल का ते विचारायचं. एवढं करूनही ती गेली, तर मग आपलं काम सुरू होतं. ते काम म्हणजे पुन्हा शून्यापासून शिकवताना चेहऱ्यावर ‘मागचं सगळं वाया गेलं’ हे न दिसू देणं. परत आल्यावर पहिल्या दिवशी काय विसरलीस ते विचारू नका. तिकडे किती मोळ्या मोजल्या ते विचारा. गणित तिथूनच सुरू करता येतं, आणि ती सांगतेही भडाभडा.

यातलं काही लिहून ठेवावंसं वाटलं तर टाचणवहीच्या, म्हणजे पाठाची तयारी लिहायच्या वहीच्या, शेवटच्या पानावर, शाळा सुटल्यावर, दोन ओळी. कुठल्या नावाला जीभ अडखळली, कुठे हात डस्टरकडे गेला. ते पान केंद्रप्रमुखांना दाखवू नका. आवडलं तर पुढच्या महिन्यात त्याचाही रकाना येईल आणि माहिती ऑनलाइन भरावी लागेल.