हायब्रिड टोमॅटोचं बी धरायचं असेल तर

‘हायब्रिडचं बी उगवत नाही,’ असं ठणकावून सांगणारं कुणी ना कुणी भेटतंच. उगवतं, अगदी चांगलं उगवतं. फक्त त्यातून आलेलं झाड आईवर जाईलच असं नाही.

पाकिटावर ‘एफ-१’ लिहिलेलं असतं, म्हणजे दोन वेगळ्या वाणांच्या संकराची पहिली पिढी. ही सगळी रोपं एकसारखी असतात. टोमॅटोचं फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागावर फळतं, त्यामुळे तुम्ही धराल ते बी दुसऱ्या पिढीचं, आणि या पिढीत आजी-आजोबांचे गुण नव्याने वाटले जातात. समजा, संकरातलं एक झाड लाल फळांचं होतं आणि दुसरं पिवळ्या. लाल रंग प्रभावी, म्हणून एफ-१ लालच दिसतो. पण त्याच्या बियांतून साधारण चारातलं एक झाड पिवळं निघतं. हे झालं एका गुणाचं. गोडी, आकार, उंची, रोगाला तोंड देण्याची ताकद यांचीही अशीच फाटाफूट होते.

म्हणून दोन-तीन रोपं लावून ‘बी बिघडलं’ म्हणू नका. चारात एकदा येणारा गुण निदान एका झाडात दिसावा, याची ९५ टक्के खात्री हवी तर ११ रोपं लागतात. तसे दोन गुण एकाच झाडात हवे असतील, तर ४७. एवढी जागा नसेल तर घरच्या टोमॅटोसाठी पाकिटातलंच बी वापरा आणि हा खेळ एका ओळीपुरता ठेवा.

बी धरताना झाड निवडा, फळ नाही. मरतुकड्या झाडावर चुकून आलेलं एक मोठं फळ मोहात पाडतं, पण त्याच्या बियांत आई तीच असते. पानं चुरगळलेली किंवा चट्ट्यापट्ट्यांची असतील तर ते झाड सोडून द्या. काही विषाणू आणि जिवाणू बियांवरून पुढच्या हंगामात येतात. कलमी रोप असेल तर बी वरच्या वाणाचं मिळतं, खालच्या खुंटाचं नाही.

फळ झाडावरच पूर्ण पिकू द्या, बोटाने दाबलं की मऊ लागेपर्यंत. मग आडवं कापा, म्हणजे सगळे कप्पे एकदम उघडतात. बिया रसासकट काचेच्या पेल्यात पिळा, घट्ट वाटलं तर थोडं पाणी घाला आणि वर कापड बांधा. प्रत्येक बीभोवती जो बुळबुळीत थर असतो, तो बीला फळात असताना उगवू देत नाही. दोन-तीन दिवस आंबवलं की तो सुटतो. वास येतो, वर पांढरी बुरशीही धरते; पेला स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. त्याहून जास्त दिवस मात्र नको. मी एकदा पेला विसरलो आणि पाचव्या दिवशी बियांना कोंब डोकावत होते.

आता भरपूर पाणी ओतून ढवळा. भरलेलं बी तळाशी बसतं. वरचा गर आणि पोकळ बिया ओतून टाका. पाणी नितळ होईपर्यंत हेच करा, मग गाळणीत निथळा. वाळवायला कागद घेऊ नका, बी त्याला असं चिकटतं की नखाने खरवडावं लागतं. चिनी मातीची बशी उत्तम. कडक ऊन नको, वाऱ्याची सावली हवी. रोज दोनदा बोटांनी मोकळं करा. पुरतं वाळलेलं बी करडं आणि लवदार दिसतं, वाकवलं की कट्‌कन मोडतं. कागदी पुडीत घालून, झाड आणि तारीख लिहून, घट्ट झाकणाच्या बरणीत थंड जागी ठेवा. चार-पाच वर्षं सहज टिकतं.

पेरणी नेहमीसारखीच: अर्धा ते एक सेंटिमीटर खोल, नंतर रोपं ४५ ते ६० सेंटिमीटरवर. मात्र प्रत्येक झाडाला नंबर द्या. फळ चाखाल त्याच दिवशी वहीत टिपा, आठवणीवर विसंबू नका. आवडलेल्या झाडाचं बी वेगळं धरा, इतरांत मिसळू नका. दर पिढीला गुणांची सरमिसळ निम्म्याने घटते, त्यामुळे सहा-सात हंगाम निवड करत राहिलात तर झाडं बरीचशी सारखी येऊ लागतात.

तोवर कुणाला रोप दिलंत तर मूळ हायब्रिडचं नाव सांगू नका. त्याच्याकडे लांबट, आंबट फळं लागली की तो जाब विचारायला तुमच्याच दारात येईल.