शिमल्याला जाताना: मोजे, आणि मग बाकीचं

स्वेटर, जर्किन, कानटोपी हे तुमच्या आया भरतीलच, त्यावर शब्द खर्च करत नाही. ओळखपत्र मूळ घ्या, झेरॉक्स नको. दशम्या, शेव, ठेचा सांगायची गरज नाही. भुसावळला झेलम एक्सप्रेसमध्ये बसल्या बसल्या डबे उघडतात, दरवर्षीचंच आहे.

आता मोजे. माणशी तीन जोड. एक पायात, दोन पिशवीत, आणि ती पिशवी पाठीवर. बसच्या डिकीत नाही. मागच्या वेळी मी दोन पानी यादी केली होती. तीत सुईदोरा होता, शिट्टी होती, गाण्याच्या भेंड्यांसाठी स्पीकरसुद्धा होता. जादा मोजे नव्हते. आपण बर्फ पाहिलेला असतो तो गोळेवाल्याच्या गाडीवर, त्यामुळे बुटाचं काय होतं हे माझ्याही डोक्यात आलं नाही. बूट आतून उबदार असतो. बर्फ त्याला चिकटतो, वितळतो, शिलाईतून आत जातो आणि सुती मोजा ते पाणी पिऊन बसतो. पाणी हवेपेक्षा सुमारे 24 पट जास्त उष्णतावाहक. म्हणजे कोरडा पाय एकवेळ तग धरतो, ओला नाही. रिजवर, म्हणजे शिमल्याच्या वरच्या मोकळ्या चौकात, अर्धा तास झाला नाही तोच साक्रीकडचा एक पोरगा म्हणाला, "सर, पाय शेतस (आहेत) का नही तेच समजत नही." सगळे हसले. दहा मिनिटांनी हसणाऱ्यांतले सहा जण खाली बसले.

मग काय, एका ढाब्यावर तंदूरभोवती मोजे वाळत घालून दीड तास. दोन जोड जळाले. जाखूचं डोंगरावरचं मारुतीचं देऊळ राहिलं ते राहिलंच. आणि त्या साक्रीवाल्याने बधिर पाय थेट विस्तवाजवळ नेले. भाजतंय हे त्याला कळलंच नाही, टाचेला फोड आला. बधिर पाय चोळायचा नाही, शेकायचा नाही. ओलं काढा, पुसा, कोरडा मोजा घाला, पाय पांघरुणात घ्या. कोरडा मोजा. तो पाठीवरच्या पिशवीत असेल तर.

एक जोड लोकरीचा असू द्या, ओला झाला तरी थोडी ऊब धरतो. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन आणा. मोज्यावर पिशवी, त्यावर बूट. दिसायला भिकार, पण चालतं. शिमल्याजवळ कुफ्रीला गमबूट भाड्याने मिळतात, पण आधीच्या गिऱ्हाइकाने ओले केलेले असू शकतात. आधी हात घालून बघा, मग पैसे द्या. आणि हो, तिथेही मोजे तुमचेच.

चंदीगडहून शिमला सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे, पण वळणं मोजू नका, पोट मोजेल. ओकारीची गोळी निघायच्या अर्धा तास आधी. गाडी लागल्यावर घेतलेली गोळी बाहेरच येते. टॉय ट्रेनचा हट्ट कृपा करून धरू नका. 1903 सालची लाइन, कालक्यापासून 96 किलोमीटर, शंभरावर बोगदे, सगळं खरं. पण एका बाजूलाच पाच तासांच्या वर जातात. दिवसाच्या सहलीत ती बसत नाही. फोटो काढा आणि पुढे व्हा.

निघायच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा इशारा बघा. पश्चिमी चक्रावात आला की बर्फ पडतो आणि रस्ताही बंद होतो. पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी निळंभोर आकाश असतं, तेव्हा आपली पोरं जास्त घसरतात. दिवसा वितळलेलं पाणी रात्री काचेसारखं गोठतं आणि सावलीत तसंच राहतं. पावलं छोटी, हात खिशाबाहेर. गॉगल ऐटीसाठी नको, बर्फावरून ऊन डोळ्यांत येतं म्हणून. जाखूला मात्र गॉगल आणि चष्मा दोन्ही आत, माकडं झडप घालतात. सातपुड्यातली माकडं पाहिलीत म्हणून फुशारू नका.

मोबाइल आतल्या खिशात. थंडीत बॅटरी चाळीस टक्क्यांवरूनसुद्धा बसते. मॉल रोडवर बस जात नाही, खाली कार्ट रोडला उतरायचं, लिफ्टचं तिकीट काढायचं किंवा चढायचं.

साडेतीनला सगळे बसपाशी. साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि रस्ता पुन्हा गोठायला लागतो. मोजणी दोनदा. शाल बदलणारे, चहा राहिलेले, यांना थांबणार नाही.

बसमध्ये बसल्यावर आधी मोजे बदला, मग गाणी. पिशवी तपासायला मी भुसावळच्या फलाटावर उभा असेन.