रिमोट डेस्कटॉपमध्ये रेझोल्यूशन बदलत नाही? आपल्या बाजूला बघा

घरून विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने ऑफिसच्या पीसीला जोडलंत, अक्षरं मुंगीएवढी दिसतायत म्हणून तिथल्या डिस्प्ले सेटिंग्जमध्ये गेलात, तर रेझोल्यूशनची यादी पुसट! पीसी बिघडलेला नाही. रिमोट सेशन खऱ्या मॉनिटरवर चालतच नाही. पडदा किती रुंद, किती उंच हे जोडणी होताना तुमचा लॅपटॉप सांगतो. म्हणून इलाजही इकडेच करायचा.

सेशन नुसतं डिस्कनेक्ट करा. साइन आउट नको, उघडी कामं जातील. विंडोज की आणि आर दाबून एमएसटीएससी (mstsc) टाइप करून एंटर दाबा, शो ऑप्शन्स उघडा, डिस्प्ले टॅबवरचा स्लायडर हव्या त्या मापावर आणा (अगदी उजवीकडे म्हणजे फुल स्क्रीन) आणि पुन्हा जोडा. दुसऱ्या दिवशी परत जुनंच माप आलं, तर डेस्कटॉपवर सेव्ह केलेली आरडीपी फाइल (जोडणीच्या सेटिंग्जची फाइल) तपासा, माप तिच्यात लिहिलेलं असतं. राइट क्लिक, एडिट, माप बदला आणि जनरल टॅबवर सेव्ह दाबा. हे सेव्ह हमखास राहून जातं.

खिडकीची कड ओढली की रेझोल्यूशन आपोआप बदलणं विंडोज ८.१ आणि सर्व्हर २०१२ आर२ पासून आलं. पलीकडे विंडोज ७ असेल तर स्क्रोलबार येणारच. टायटल बारच्या डाव्या कोपऱ्यातल्या आयकॉनवर क्लिक केलंत की स्मार्ट सायझिंग दिसेल. त्याने चित्र खिडकीत बसतं, पण रेझोल्यूशन तेच राहतं, म्हणून अक्षरं धूसर होतात. पलीकडचं विंडोज नवं असून धूसर दिसतंय? मग हेच चुकून चालू राहिलंय का बघा.

फोर-के लॅपटॉपवरून जुन्या सर्व्हरला जोडताना वेगळीच पंचाईत होते. लॅपटॉपचं २०० टक्के स्केलिंग (सगळं दुप्पट मोठं दाखवणं) त्या सर्व्हरला कळत नाही, तो सगळं १०० टक्क्यांनी काढतो, म्हणून अक्षरं बारीक दिसतात. अशा वेळी मात्र स्मार्ट सायझिंग कामाचं. माप १९२० बाय १०८० ठेवा. फोर-केच्या ३८४० बाय २१६० च्या रुंदी-उंचीत ते बरोबर निम्मं, त्यामुळे ताणूनही अक्षरं बऱ्यापैकी रेखीव राहतात.

सगळं करूनही ठरावीक मापापुढे जात नसेल, तर ग्रुप पॉलिसीत (ऑफिसने पीसींना लावलेल्या नियमांत) कमाल रेझोल्यूशनवर मर्यादा घातलीय का, हे ॲडमिनला विचारा.

एनीडेस्कसारख्या ॲपला यातलं काही लागू नाही. ते पलीकडच्या पीसीचा खराच पडदा दाखवतं. तिथे मॉनिटरच जोडलेला नसेल तर रेझोल्यूशन घसरतं; एचडीएमआयचा डमी प्लग (मॉनिटर जोडल्याचं भासवणारा) लावा.