विकिपीडियावर लिहायला सुरुवात कशी करायची? आधी आपलं स्टेशन पकडा

विकिपीडियावर लिहायचंय म्हटलं की बरेच जण थेट नवीन लेख काढायला बसतात, तोही आपल्या मंडळावर नाहीतर काकांवर, आणि तो उडवला गेला की रुसतात. तसं नका करू. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे आणि तिथे अर्धवट पडलेले लेख ढिगाने आहेत, त्यातलाच एखादा आपल्या एरियातला धरा.

आधी खातं उघडा. फुकट असतं, तेच खातं इंग्रजी विकिपीडियाला आणि फोटोंच्या कॉमन्सलापण चालतं. नाव विचार करून घ्या कारण तुमच्या प्रत्येक बदलासमोर ते दिसणार, खरं नाव द्यायलाच पाहिजे असं काही नाही. ईमेल मात्र टाकून ठेवा, पासवर्ड विसरलात तर तोच कामी येतो. मग धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, जाऊन हात साफ करा, तिथे काहीही खरडलं तरी चालतं. कॉम्प्युटरवर मराठी टाइप होत नसेल तर लिहायच्या चौकटीत कंट्रोल आणि एम दाबून बघा.

आता खरं काम. समजा परळच्या आसपासच्या एखाद्या लेखात अजून 'एल्फिन्स्टन रोड स्टेशन' लिहिलेलं दिसलं. जुलै २०१८ मध्ये त्याचं प्रभादेवी झालं, मग बदलायचंच ना? थांबा, आधी पूर्ण वाक्य वाचा. 'जवळचं स्टेशन' असं असेल तर बिनधास्त बदला, पण वाक्य २९ सप्टेंबर २०१७ च्या चेंगराचेंगरीबद्दल असेल तर तेव्हा स्टेशनचं नाव एल्फिन्स्टन रोडच होतं, ते तसंच राहू द्या, फार तर पुढे 'आताचं प्रभादेवी' एवढं जोडा. असं बघून केलेलं बारीक काम घाईत लिहिलेल्या लांबलचक लेखापेक्षा जास्त टिकतं.

बदल केला की त्याला संदर्भ जोडा. पेपरातली बातमी चालेल, पुस्तक असेल तर लेखक, प्रकाशक, वर्ष आणि पान नंबर. व्हॉट्सॲप फॉरवर्ड चालत नाही, आणि 'आमचे आजोबा सांगायचे' हेही नाही, कितीही खरं असलं तरी. जुन्या मुंबईवर काही हवं असेल तर दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात चक्कर मारा, १८९८ पासूनची संस्था आहे. पण वाचून आपल्या शब्दांत लिहायचं, कॉपी-पेस्ट केलेलं कॉपीराइटमुळे काढून टाकतात. 'थोर', 'सुप्रसिद्ध', 'लाडके नेतृत्व' वगैरे बॅनरवर ठेवा.

सेव्ह करताना खाली सारांशाची जागा असते, तिथे काय बदललं ते एका ओळीत लिहा, लोक ती रिकामी सोडतात आणि मग समोरच्याला कळत नाही बदल का केला.

कुणी तुमचा बदल उलटवला तर लगेच परत टाकू नका, भांडण लागतं. 'इतिहास' उघडून कारण वाचा, नाही पटलं तर लेखाच्या चर्चा पानावर विचारा आणि शेवटी चार टिल्ड (~~~~) टाका, म्हणजे सही आपोआप येते. तरी अडलात तर 'चावडी' हे सगळ्यांनी प्रश्न विचारायचं पान आहेच, तिथे जुनेजाणते असतात.

आणि लिहायचा कंटाळा असेल तर फोटो टाका. आपल्या नाक्यावरची जुनी इमारत, मार्केट, तलाव, पण फोटो स्वतः काढलेला हवा, गूगलवरचा उचललेला नको, आणि कोपऱ्यात नाव-तारखेचा शिक्का न मारता मूळ साइजचाच टाका.